रेफर केलेला रुग्ण वाटेत दगावला आणि वकिलाची नोटीस आली: तालुक्याच्या डॉक्टरने काय करावे

प्रश्न थोडक्यात असा आहे. यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी दहा खाटांचा दवाखाना चालवणारे एक एम.डी. डॉक्टर लिहितात की, ऑगस्टमधील एका रात्री शेतातल्या झोपडीत जमिनीवर झोपलेल्या एका मजुराला सर्पदंशाच्या संशयावरून त्यांच्याकडे आणण्यात आले. रात्रपाळीच्या बी.ए.एम.एस. डॉक्टरांनी त्यांना फोनवर विचारून प्रतिविषाच्या दहा कुप्या सुरू केल्या. ते स्वतः पाऊण तासात पोहोचले. पापण्या मिटू लागल्या आणि श्वास उथळ झाला, तेव्हा रुग्णाला १०८ रुग्णवाहिकेतून यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात रेफर केले. रुग्ण वाटेतच दगावला. आता सात महिन्यांनी वीस लाखांच्या भरपाईची वकिलाची नोटीस आली आहे, मयताचा भाऊ फाइल मागतो आहे आणि पोलीस ठाण्यातून जबाबासाठी बोलावणे आले आहे. नोटिशीला उत्तर द्यावे का, फाइल द्यावी का, अटक होऊ शकते का, आणि यापुढे वर्षभरासाठी वकील ठेवावा का, असे त्यांनी विचारले आहे.

डॉक्टरसाहेब, सर्वांत आधी फाइलबद्दल सांगतो, कारण प्रकरणाचा निकाल बहुतेक वेळा तिच्यावरच लागतो. केस पेपर, नर्सिंग चार्ट, औषधांची नोंद, रेफरल चिठ्ठीची स्थळप्रत, १०८ ला केलेल्या फोनची वेळ दाखवणारी मोबाइलची नोंद, प्रतिविषाच्या कुप्यांचा बॅच क्रमांक असलेले बिल, हे सर्व आजच एकत्र करा, प्रत्येक पानावर क्रमांक टाका, झेरॉक्सचे दोन संच काढा आणि मूळ फाइल कुलुपात ठेवा. त्या रात्रीच्या सीसीटीव्हीचे चित्रण अजून शिल्लक असेल तर ते लगेच उतरवून घ्या आणि वकिलांना त्याची कल्पना द्या, कारण भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे अशा इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत ठरावीक नमुन्यातील प्रमाणपत्र जोडावे लागते. मूळ कागदावर मात्र आता एक अक्षरही वाढवू नका. काही लिहायचे राहून गेले असेल तर ते वेगळ्या कागदावर आजची तारीख टाकून, ‘ही नोंद नंतर स्मरणाने केली आहे’ असे स्पष्ट नमूद करून लिहा आणि वकिलांकडे द्या. व्हाइटनर लावलेली वेळ किंवा वेगळ्या शाईने मध्येच बसवलेली ओळ ग्राहक आयोगाच्या नजरेत आली, की उपचार कितीही योग्य असले तरी त्यांच्यावर कोणी विश्वास ठेवत नाही.

अशा फाइल्समध्ये मला पुन्हा पुन्हा दिसणारी गोष्ट म्हणजे दर तासाला एकाच अक्षरात, एकाच शाईने लिहिलेली ‘जी.सी. फेअर, व्हायटल्स स्टेबल’ (म्हणजे एकूण प्रकृती ठीक, नाडी-श्वास-रक्तदाब स्थिर) ही ओळ. रात्री ११.४० ला ‘स्टेबल’ आणि १२.०५ ला ‘श्वसनाचा त्रास, रेफर’ असे लिहिलेले असेल, तर समोरचा वकील पहिला प्रश्न हाच विचारतो की या पंचवीस मिनिटांत काय घडले आणि ते कोणी पाहिले. मन्यारच्या दंशात तर हा प्रश्न जास्तच टोकदार होतो. या सापाच्या दंशाची खूण अनेकदा दिसत नाही, सूज येत नाही, रुग्ण पोटदुखी किंवा घसा दुखत असल्याची तक्रार करतो, मग पापण्या जड होतात आणि पाहता पाहता श्वासाचे स्नायू निकामी होतात. म्हणून ‘दंशाची खूण आढळली नाही, पापण्या अमुक वाजता अर्ध्या मिटलेल्या, मान उचलता येत नाही, एका श्वासात अमुक आकड्यापर्यंत मोजतो’ अशी तीन ओळींची नोंद तुमच्या बचावासाठी दहा पानांच्या लेखी जबाबापेक्षा मोलाची ठरते. वीस मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी केली असेल तर तिची वेळ आणि निकाल, प्रतिविष सुरू केल्याची वेळ, रिॲक्शन आली असल्यास ॲड्रेनॅलिन दिल्याची वेळ, निओस्टिग्मिन (स्नायूंचा लुळेपणा कमी करण्याचे औषध) दिले की नाही आणि दिले नसल्यास का नाही, हे तुमच्या फाइलमध्ये कितपत आहे ते स्वतः शांतपणे तपासा आणि जे नाही ते नाही असे वकिलांना आधीच सांगा.

भावाने फाइल मागितली आहे, तर ती द्यावीच लागेल. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या व्यावसायिक आचारविषयक विनियमांप्रमाणे रुग्णाने, त्याच्या अधिकृत नातेवाइकाने किंवा कायदेशीर यंत्रणेने मागणी केल्यावर ७२ तासांच्या आत कागदपत्रे पुरवणे बंधनकारक आहे, आणि आंतररुग्णांची कागदपत्रे उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपून ठेवणेही बंधनकारक आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२३ मध्ये आणलेले नवे विनियम स्थगित झाल्यामुळे २००२ चेच विनियम आज लागू आहेत. भावाकडून लेखी अर्ज घ्या, ओळखपत्र आणि मयताशी नाते दाखवणारा कागद घ्या, झेरॉक्स संच द्या आणि पानांची संख्या लिहून पोच घ्या. मूळ फाइल पोलिसांनी मागितली तर ती जप्ती पंचनाम्याखालीच द्या आणि साक्षांकित प्रत स्वतःकडे ठेवा. ‘आधी बिल भरा, मग कागद देतो’ हे कोणत्याही परिस्थितीत म्हणू नका. राज्याच्या शुश्रूषागृह नोंदणी नियमांत २०२१ साली रुग्णहक्कांची सनद आली आहे, आणि बिलासाठी कागद किंवा मृतदेह अडवणे हा तक्रारीचा स्वतंत्र मुद्दा बनतो.

याच ठिकाणी एक गोष्ट आवर्जून सांगाविशी वाटते. मयत हा शेतमजूर होता आणि तुमच्या फाइलवर त्याच्या कुटुंबाचेही हित अवलंबून असू शकते. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत शेतकरी कुटुंबातील व्यक्तीचा सर्पदंशाने मृत्यू झाल्यास दोन लाख रुपये मिळण्याची तरतूद आहे. तो मजूर स्वतःच्या किंवा घरातील कोणाच्या नावे असलेल्या सातबाऱ्यामुळे पात्र ठरत असेल, तर शवविच्छेदन अहवाल आणि पोलिसांचा पंचनामा यांबरोबरच तुमच्या केस पेपरवरील ‘सर्पदंशाचा संशय’ ही नोंद त्यांना लागते. त्यांच्या अर्जासाठी तुम्ही वैद्यकीय कागद तत्परतेने दिले, तर तो तुमच्या चुकीचा कबुलीजबाब ठरत नाही. समोर नोटीस आहे म्हणून कुटुंबाचा हा मार्ग अडवणे मला माणूस म्हणून पटत नाही आणि वकील म्हणून त्याचा तुम्हाला काही फायदाही नाही.

आता नोटिशीचे उत्तर. वकिलाच्या नोटिशीला उत्तर देण्याची सक्ती कायद्यात नाही, पण उत्तर न दिल्यास ‘तेव्हाच का बोलले नाही’ असा युक्तिवाद पुढे होतो, म्हणून उत्तर द्यावे. ते तुम्ही स्वतः लिहू नका आणि भावाला फोन करून समजूतही घालू नका. सहानुभूतीने बोललेले एखादे वाक्य रेकॉर्ड होते आणि कबुली म्हणून वाचले जाते. उत्तर छोटे असावे: रुग्ण किती वाजता आला, काय स्थितीत आला, काय उपचार दिले, का आणि केव्हा रेफर केले, एवढेच. वैद्यकीय वाद तिथेच लढवण्याचा मोह टाळा, कारण शवविच्छेदनाचा आणि रासायनिक विश्लेषणाचा अहवाल अजून तुमच्या हातात नाही. उत्तर पाठवण्यापूर्वी, शक्यतो आजच, विमा कंपनीला लेखी कळवा. प्रोफेशनल इन्डेम्निटी पॉलिसी, म्हणजे व्यवसायातील चुकीबद्दलच्या भरपाईचा विमा, साधारणतः ज्या वर्षी दावा आला त्या वर्षीच्या पॉलिसीवर चालते. घटना पॉलिसीतील पूर्वलक्षी तारखेनंतरची (म्हणजे ज्या मागील तारखेपासूनच्या घटनांना संरक्षण आहे तिच्यानंतरची) असावी लागते आणि दाव्याची खबर पॉलिसी चालू असताना द्यावी लागते. खबर द्यायला उशीर केला किंवा कंपनीला न विचारता परस्पर पैसे देऊन तडजोड केली, तर कंपनी हात वर करू शकते. डॉक्टरची वैयक्तिक पॉलिसी आणि दवाखान्याची पॉलिसी या वेगळ्या असतात, आणि रात्रपाळीचे डॉक्टर व नर्स यांच्या कृतीचा भार दुसऱ्या पॉलिसीत येतो. ती काढलेली आहे का, हे पाहा.

नोटिशीनंतर प्रकरण बहुधा जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगात जाईल. घटनेपासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल करता येते, म्हणजे त्यांच्याकडे अजून बराच अवधी आहे आणि नोटिशीनंतर काही महिने शांतता राहिली तरी प्रकरण मिटले असे समजू नका. आयोगाची नोटीस तक्रारीच्या प्रतीसह मिळाल्यापासून लेखी जबाबासाठी ३० दिवस मिळतात, त्यावर आयोग आणखी १५ दिवस देऊ शकतो, आणि त्यापुढे एक दिवसही नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ४ मार्च २०२० रोजी हिली मल्टिपर्पज कोल्ड स्टोअरेज प्रकरणात हे ठामपणे सांगितले आहे. आपल्याकडे डॉक्टर आयोगाचे पाकीट टेबलावर ठेवून ‘सोमवारी बघू’ म्हणतात, त्यात पोळा येतो, दिवाळी येते आणि पंचेचाळीस दिवस संपतात. मग चांगली फाइल असूनही जबाब दाखलच होत नाही. पाकीट हातात आल्याची तारीख त्याच्यावरच लिहा आणि त्याच दिवशी वकिलांना पाठवा. निकाल विरोधात गेला तर राज्य आयोगाकडे ४५ दिवसांत अपील करता येते, त्यासाठी नागपुरात राज्य आयोगाचे खंडपीठ बसते, पण आदेशातील निम्मी रक्कम आधी भरावी लागते.

वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते का, हा वाद १९९५ च्या इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या निकालाने संपवला आहे. मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वकिलांना ग्राहक कायद्यातून वगळले, तेव्हा अनेक डॉक्टरांना वाटले की आता आपलीही सुटका होईल. त्या निकालात शांता प्रकरणाचा फेरविचार सुचवला होता हे खरे, पण पुढे त्याच वर्षी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने त्या फेरविचाराची गरज नसल्याचे सांगितले. तेव्हा या आशेवर बचाव उभारू नका. ‘त्या रात्री मी एक रुपयाही घेतला नाही’ हा मुद्दाही फार दूर नेत नाही, कारण इतर रुग्णांकडून शुल्क घेणाऱ्या रुग्णालयात मोफत उपचार मिळालेला रुग्णही शांता निकालाप्रमाणे ग्राहकच असतो.

मग खरा मुद्दा काय राहतो? नोटिशीत ‘प्रतिविष द्यायला उशीर’, ‘व्हेंटिलेटर नव्हता’ आणि ‘डॉक्टर न देता पाठवले’ असे तीन आरोप आहेत. पहिल्या आरोपाला नोंदीतील वेळा उत्तर देतील. दुसऱ्यात मला दम दिसत नाही, कारण दहा खाटांच्या ग्रामीण दवाखान्यात व्हेंटिलेटर असणे हे सामान्य कुशल डॉक्टरचे मोजमाप नाही. सर्वोच्च न्यायालयाने जेकब मॅथ्यू प्रकरणात (२००५) कसोटी सर्वोत्तम तज्ज्ञाची ठेवलेली नाही, त्या परिस्थितीतील वाजवी कौशल्याच्या डॉक्टरची ठेवली आहे. तिसरा आरोप मात्र गंभीरपणे घ्या. श्वास उथळ झालेल्या रुग्णाला पन्नास-साठ किलोमीटर पाठवताना श्वसनमार्गाची काय सोय केली, अंबू बॅग (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी) कोणाच्या हातात होती, श्वासनलिकेत नळी टाकण्याचा प्रयत्न झाला का, तोंडातील लाळ काढायला सक्शन होते का, हे आयोग विचारणारच. १०८ रुग्णवाहिकेत डॉक्टर असतो, म्हणून त्या डॉक्टरांकडे रुग्ण किती वाजता, कोणत्या स्थितीत सोपवला आणि त्यांनी काय स्वीकारले, हे तुमच्याकडे लिहिलेले असेल तर आरोपाचा जोर निम्म्याने कमी होतो. लिहिलेले नसेल तर रुग्णवाहिकेची त्या फेरीची नोंद माहितीच्या अधिकारात किंवा आयोगामार्फत मागवता येते. हे काम लगेच करा, जुन्या नोंदी शोधणे नंतर अवघड होते. आपल्या वतीने एखाद्या शासकीय महाविद्यालयातील मेडिसिन किंवा भूलशास्त्राच्या प्राध्यापकांचे मत मिळवता आले तर उत्तम. प्रत्येक तक्रारीत तज्ज्ञांचे मत अनिवार्य नाही, असे व्ही. किशन राव निकालात (२०१०) म्हटले आहे, त्यामुळे तक्रारदाराने मत आणले नाही म्हणून तुम्ही निर्धास्त राहू शकत नाही.

पोलीस ठाण्याच्या बोलावण्याने घाबरू नका, पण हजर अवश्य राहा. वाटेत मृत्यू झाला, म्हणजे आकस्मिक मृत्यूची नोंद आणि चौकशी होणारच, आणि तिच्यात तुमचा जबाब साक्षीदार म्हणून घेतला जाऊ शकतो. लेखी समजपत्र मागा, त्यात कोणत्या कलमाखाली बोलावले आहे ते वाचा, आणि जबाब फाइल समोर ठेवून, वेळांसह द्या. जेकब मॅथ्यू निकालाने घालून दिलेली मर्यादा ठाणेदारांनाही माहीत असते: डॉक्टरवर निष्काळजीपणाचा गुन्हा पुढे चालवण्यापूर्वी त्या शाखेतील, शक्यतो शासकीय सेवेतील डॉक्टरांचे स्वतंत्र मत घ्यावे, निष्काळजीपणा ठळक आणि गंभीर असावा, आणि केवळ आरोप झाला म्हणून सरसकट अटक करू नये. गुन्हा दाखल झालाच तर तो जामीनपात्र आहे.

इथे मात्र तुमच्या रात्रपाळीच्या सहकाऱ्यांचा प्रश्न उभा राहतो, आणि तो फार थोड्या दवाखान्यांनी लक्षात घेतला आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये निष्काळजीपणाने मृत्यूला पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाकडून वैद्यकीय कृती करताना असे घडल्यास ती दोन वर्षांपर्यंत आहे. पण या सवलतीसाठी ‘नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिक’ म्हणजे राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायदा, २०१९ खालील पात्रता आणि नोंदणी असलेला, अशी व्याख्या त्या कलमातच दिली आहे. कलमाचे शब्द जसेच्या तसे वाचले तर बी.ए.एम.एस. (आयुर्वेद) किंवा बी.एच.एम.एस. (होमिओपॅथी) डॉक्टर त्या सवलतीत बसत नाहीत. विदर्भातील तालुक्यांत रात्रीचे दवाखाने याच डॉक्टरांच्या खांद्यावर उभे आहेत, आणि त्यांना हे कोणी सांगितलेले नसते. होमिओपॅथीच्या डॉक्टरने ॲलोपॅथीची औषधे दिली हीच निष्काळजी, असे १९९६ च्या पूनम वर्मा निकालात म्हटले आहे. आयुर्वेद पदवीधरांची स्थिती राज्याच्या अधिसूचनांमुळे वेगळी आहे, पण म्हणून ती निर्धोक नाही. तुमच्या प्रकरणात त्यांनी तुम्हाला फोन करून तुमच्या सांगण्यावरून प्रतिविष सुरू केले, ही त्यांच्यासाठी आणि तुमच्यासाठी सर्वांत महत्त्वाची वस्तुस्थिती आहे. फोनची वेळ आणि दिलेली सूचना केस पेपरवर असावी. नसेल तर मोबाइल कंपनीची कॉलची नोंद काढून ठेवा. त्यांच्यासाठी आवश्यक वाटल्यास वेगळा वकील द्या. उद्या दोघांची बाजू एकमेकांविरुद्ध गेली तर एकाच वकिलाला दोघांचे वकीलपत्र घेता येत नाही.

यापुढे सर्पदंश किंवा फवारणीची विषबाधा आली तर रुग्ण नाकारण्याचा विचार करू नका. २०१७ च्या खरिपात पऱ्हाटीवर फवारणी करताना विषबाधा होऊन यवतमाळ जिल्ह्यात शेतकरी आणि मजूर दगावले, तेव्हा पहिला उपचार गावाजवळच्या दवाखान्यातच व्हायचा होता. परमानंद कटारा निकालाने (१९८९) प्रथम जीव वाचवा, पोलिसी सोपस्कार नंतर, असे सर्व डॉक्टरांवर बंधन घातले आहे. तेव्हा ॲट्रोपिन (फवारणीच्या विषबाधेवरचे औषध), प्रतिविष, अंबू बॅग आणि सक्शन तयार ठेवा, आणि रेफरल चिठ्ठीचा एक छापील नमुना करून घ्या, ज्यात आगमनाची वेळ, निदान, दिलेली औषधे मात्रेसह, निघतानाची नाडी, श्वास व ऑक्सिजनची पातळी, कोणत्या रुग्णालयात कोणाशी फोनवर बोलणे झाले, सोबत कोण आहे, आणि नातेवाइकांना धोका कोणत्या शब्दांत समजावला, यांच्या जागा असतील. केळापूरच्या बाजूला कोलामी बोलणाऱ्या किंवा मेळघाटात कोरकू बोलणाऱ्या कुटुंबाला मराठी फॉर्मवर अंगठा लावायला लावून संमती होत नाही. ज्याने त्यांच्या बोलीत समजावले त्याचे नाव आणि सही त्या कागदावर घ्या. नातेवाइकांचा जमाव अंगावर आला तर मात्र हातघाईवर न येता ११२ वर फोन करा आणि डॉक्टर व रुग्णालयांवरील हल्ल्यांविरुद्धच्या महाराष्ट्राच्या २०१० च्या कायद्याखाली तक्रार द्या. तो गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, शिक्षा तीन वर्षांपर्यंत आहे आणि नुकसानीच्या दुप्पट रक्कम वसूल करता येते.

वर्षभरासाठी वकील ठेवावा का, याचे उत्तर होय असे आहे, पण केवळ तारखांना उभे राहण्यासाठी नव्हे. वर्षातून एकदा त्यांना दवाखान्यात बोलावा आणि शुश्रूषागृहाची नोंदणी, नर्स व डॉक्टरांची परिषदेतील नोंदणी, विमा पॉलिसीच्या तारखा, बाहेरून येणाऱ्या सर्जन आणि भूलतज्ज्ञांशी केलेले करारनामे आणि दहा-बारा जुन्या फाइल्स त्यांच्यासमोर ठेवा. सोनोग्राफी मशीन असेल तर गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याखाली गरोदर स्त्रीच्या तपासणीसाठी भरावा लागणारा फॉर्म ‘एफ’ दर महिन्याला तपासून घ्या. त्यातील रिकाम्या रकान्यांना केवळ कारकुनी चूक मानता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्त्रीरोगतज्ज्ञांच्या महासंघाच्या याचिकेत सांगितले आहे. अठरा वर्षांखालील विवाहित मुलगी गरोदर म्हणून आली तर पोक्सो कायद्याच्या (बालकांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याच्या) कलम १९ प्रमाणे पोलिसांना खबर देणे बंधनकारक आहे, लग्न झाले आहे हे कारण चालत नाही. गर्भपातासाठी आलेली मुलगी आणि तिचे पालक यांनी विनंती केल्यास त्या खबरीत तिचे नाव उघड न करण्याची मुभा सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये दिली आहे. वकील निवडताना त्यांनी ग्राहक आयोगात वैद्यकीय प्रकरणात उलटतपासणी घेतली आहे का, हे विचारा. जिल्ह्याच्या ठिकाणी असा वकील नसेल तर नागपूर किंवा अमरावतीचे वकील आणि तारखा पाहणारे स्थानिक वकील अशी जोडी करा, फी लेखी ठरवा आणि विमा कंपनीच्या यादीतला वकील घ्यायचा असेल तर फाइल आधी स्वतः त्यांना समजावून सांगा. या आठवड्यात मात्र क्रम असा ठेवा: आज विमा कंपनीला पत्र, उद्या फाइल वकिलांकडे, परवा भावाला पोच घेऊन झेरॉक्स संच, आणि ठाण्यात जाण्यापूर्वी जबाबाचा मसुदा वकिलांसोबत एकदा वाचून.